ऊन अडवताना वारा अडतो

गोव्यात फ्लॅट घेताना माणसं नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, गाडी कुठे लावायची ते विचारतात, दर्या किती लांब आहे हेही विचारतात. पश्चिमेला काच किती, हे कोणी विचारत नाही. बिल्डरही सांगत नाही, कारण त्याच्या पत्रकात त्याच काचेचं नाव ‘सनसेट व्ह्यू’ असतं. पर्वरीच्या पठारावर असे सूर्यास्त पुष्कळ विकले गेलेत. त्यातला एक आमच्या झोपायच्या खोलीत आहे: चार फूट रुंद, पाच फूट उंच, ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटीत बसवलेला.

मार्च लागला की तीननंतर त्या खोलीत ऊन आडवं शिरतं. आधी खिडकीच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर, मग फरशीवर, मग पलंगाच्या पायथ्याशी, आणि साडेपाचच्या सुमारास थेट कपाटाच्या आरशात. तिथून माझ्या डोळ्यांत. मे महिन्यात सूर्य बुडतो पावणेसातनंतर, पण भिंत आणि गादी त्यानंतरही बराच वेळ तापलेल्या राहतात. रात्री दहाला उशी उलटी करावी तर खालची बाजूही गरमच.

छज्जा आहे की, असं कुणीही म्हणेल. आहे, दोन फुटांचा आहे. पण छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो. मे महिन्यात दुपारी चारला आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून साधारण चाळीस अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटांच्या छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम पावणेदोन फूट उतरते. साडेपाचला सूर्य वीस अंशांच्याही खाली जातो आणि सावली फूटभरसुद्धा उरत नाही. बाकीची चार फूट काच उघडीच. त्यातून पणजीचा अक्षांश साडेपंधरा, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो आणि मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला सरकून. नैर्ऋत्येला एक सहा मजली इमारत आहे, दिवाळीत तिची सावली आम्हाला मिळते. नको तेव्हा मिळते म्हणायचं. मे महिन्यात सूर्य तिच्या उजवीकडून निसटून थेट आमच्याकडे येतो.

माझा नवरा निवृत्त इंजिनियर. त्याला एखादी गोष्ट सोसवत नाही म्हटलं की तो आधी तिचा हिशेब करतो. हा हिशेब त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मांडला. साध्या एकेरी काचेतून, दर चौरस मीटरमागे आणि आतबाहेरच्या दर अंशाच्या फरकामागे, पावणेसहा वॉटच्या आसपास उष्णता आरपार जाते. आमची खिडकी पावणेदोन ते दोन चौरस मीटरच्या मधली. बाहेर ३३ अंश, आत एसी लावून २६. फरक सातचा. म्हणजे काच तापून आत येणारी उष्णता झाली सत्तर-पंचाहत्तर वॉट. हे झालं हवेचं. आता ऊन. उतरत्या दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरमागे सहाशे वॉट ऊन सहज पडतं आणि साध्या काचेतून त्यातला बहुतेक भाग आत येतो. ते झाले आठ-नऊशे वॉट. एक टनाचा एसी खोलीतून साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे आमच्या एसीची पाव ताकद या एकट्या खिडकीशी भांडण्यात जाते. पाकीट त्याने फ्रिजला लावून ठेवलं, अजून तिथेच आहे.

हे दोन आकडे, पंचाहत्तर आणि नऊशे, मला पुढे दुकानात फार उपयोगी पडले.

म्हापशाच्या दुकानात पडद्यांचे नमुने पुस्तकासारखे बांधलेले होते. कापडी पडदे आमच्याकडे होतेच, ते उन्हाने विटतात आणि पावसाळ्यात कुबट वास धरतात. रोलर ब्लाइंड स्वस्त, पण एकाच पदराचा. लाकडी पट्ट्यांचे व्हेनिशियन दिसायला देखणे, पण जुलैत लाकूड फुगतं आणि प्रत्येक पट्टीवर धूळ वेगळी पुसावी लागते. मग दुकानदाराने हनीकोंब काढला. यालाच सेल्युलर शेड म्हणतात. पातळ पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडाच्या आडव्या नळ्या एकीला एक चिकटवलेल्या, कडेने पाहिलं तर षट्कोनी भोकांची रांग. खाली ओढला की नळ्या उघडतात, वर ढकलला की पेटीच्या भात्यासारख्या मिटतात. पाच फुटांचा पडदा मिटून चार-पाच बोटं उरतो, खिडकी पूर्ण मोकळी. मला त्याची हीच गोष्ट प्रथम आवडली, उष्णतेचं नंतर कळलं. किंमत मात्र स्क्वेअर फुटाच्या हिशेबाने रोलरच्या दुपटीहून जास्त.

नळ्या कशासाठी, तर हवा कोंडण्यासाठी. स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे देते. मोठ्या पोकळीत हवा स्थिर राहत नाही. तापते, चढते, पलीकडे गार होऊन उतरते, आणि या फेऱ्यांत उष्णता इकडून तिकडे वाहून नेते. बोटभर रुंदीच्या नळीत तिला फेर धरायला जागाच नसते. युक्ती एवढीच. १९७३च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत घर गरम ठेवण्याचा खर्च लोकांच्या डोळ्यांवर आला आणि खिडकीतून जाणारी ऊब कशी रोखावी यावर खूप डोकी चालली. हंटर डग्लस कंपनीने १९८५ साली ‘ड्युएट’ नावाने हा पडदा बाजारात आणला. पुढे बाकीच्यांनीही काढले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं असं, की घट्ट बसवलेला सेल्युलर पडदा थंडीच्या दिवसांत खिडकीवाटे जाणारी उष्णता ४० टक्के किंवा त्याहून अधिक कमी करतो, आणि उन्हाळ्यात खिडकीतून येणारी नको असलेली सूर्याची उष्णता ८० टक्क्यांपर्यंत रोखू शकतो.

दुकानदार पहिला आकडा फार जोरात सांगत होता. त्यासाठी दुहेरी नळ्यांचा पडदा घ्या म्हणत होता, एकामागे एक दोन रांगा, हवेचे दोन कप्पे. ज्या गावात बाहेर उणे पंधरा आणि आत वीस असतं तिथे पस्तीस अंशांच्या फरकाशी झुंज असते, तिथे तो जास्तीचा कप्पा पैसे वसूल करत असेल. आमच्याकडे फरक सातचा. तो दुसरा कप्पा पाकिटावरच्या पंचाहत्तरातले आणखी काही वॉट वाचवणार, आणि नऊशेला त्याचा फारसा धक्का लागणार नाही. नऊशेसाठी बघायची ती पडद्याची रस्त्याकडची बाजू. ती पांढरी असेल तर ऊन काचेतूनच परत फिरतं. गडद असेल तर पडदा ते ऊन पितो, स्वतः तापतो, आणि मग खोली तापवत बसतो, नळ्या एक असोत की दोन.

माप घ्यायला आलेल्या फिटरने हेच एका वाक्यात सांगितलं. “बाय, आतून रंग कुठलाही घ्या, बाहेरून पांढराच.” बार्देशातला माणूस, कानामागे पेन्सिल, बोलणं अर्धं कोंकणी अर्धं मराठी. त्याने टेप खिडकीला वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा लावली. तिन्ही मापं वेगळी निघाली. “गोंयात काटकोनातली खिडकी मी अजून पाहिली नाही,” म्हणाला, आणि तिन्हींतलं सगळ्यात लहान माप लिहिलं. काचेवर काळी फिल्म लावली आहे का, तेही विचारलं. फिल्मची काच आधीच ऊन पीत असते, त्यात मागून पडदा आला की ती जास्त तापते आणि कधी कधी तडकते. आमच्या काचेला फिल्म नव्हती. पडदा भिंतीवर न लावता चौकटीच्या आत बसवायचा तर त्याला दोन-अडीच इंच खोली लागते. जाळीचा ट्रॅक सोडून आमच्याकडे तेवढी कशीबशी होती. ग्रॅनाइटला भोकं पाडताना खोलीभर राखाडी भुकटी झाली. स्क्रू त्याने स्वतःच्या डबीतले स्टीलचे लावले. पडद्याच्या खोक्यातले हातात घेऊन बघितले आणि म्हणाला, “हे दोन पावसाळे. खारी हवा.”

दोऱ्यांचा पडदा आम्ही घेतला नाही. भाचीचं पोर येऊन-जाऊन असतं आणि लोंबत्या दोरीत लहान मुलाची मान अडकण्याचा धोका खराच आहे. अमेरिकेत तर २०१८च्या अखेरपासून दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना मोकळी दोरी चालतच नाही. आमचा खालच्या पट्टीला धरून वर ढकलायचा, सोडला तिथे राहतो. वरची कडाही खाली घेता येते, म्हणजे वरून उजेड आणि खालून आडोसा, असा प्रकार आहे. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आपण दिसू नये म्हणून तो सकाळी बरा. दुपारी मात्र वर फट ठेवली की काच आणि पडदा यांच्या मधली तापलेली हवा सरळ खोलीत येते.

आणि ती हवा किती तापते! मे महिन्यात चार वाजता पडद्यामागे हात घालून काचेला लावला तर ठेववत नाही. पाचला पडदा वर केला की पहिला भपकारा तोंडावर येतो. पडदा आतल्या बाजूला आहे, त्यामुळे ऊन घराच्या आत आल्यावर मग अडवलं जातं. थोडं परत जातं, थोडं त्या सांदीत कोंडून राहतं. ८० टक्के हा आकडा घट्ट बसवलेल्या पडद्याचा आणि वरच्या मर्यादेचा. आमच्या दोन्ही बाजूंना पेन्सिल जाईल एवढी फट आहेच. तरी फरक पडला, खोटं कशाला बोला. आधी एसी संध्याकाळी सातपर्यंत नुसता घुरघुरत असायचा, आता साडेचारला लावला की पाचपर्यंत शांत होतो.

उजेडाचंही सांगायला हवं. आम्ही पूर्ण अंधाराचा, आतून धातूचं अस्तर असलेला पडदा न घेता उजेड झिरपणारा घेतला. उन्हासाठी अस्तरवाला सरस, पण भर दुपारी दिवा लावून वाचायचं मला जमत नाही. या पडद्यातून दुधट, सावली न पडणारा उजेड येतो. पुस्तकाच्या पानावर हाताची सावलीसुद्धा पुसट.

असा उजेड मी पहिल्यांदा पाहिला तो सासष्टीतल्या एका जुन्या ख्रिस्ती घरात, शिंपल्यांच्या खिडकीतून. काच दुर्मीळ होती त्या काळात गोव्यात तावदानांना शिंपले लावत. प्लाकुना प्लासेंटा नावाचा हा शिंपला चपटा, जवळजवळ गोल आणि इतका पातळ असतो की त्यातून उजेड येतो. तो चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो, पण आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, तेव्हा नव्या खिडकीसाठी मागू नका. त्यातून बाहेरचं काही दिसत नाही. दिसावं अशी अपेक्षाही नव्हती. बाहेर बघायचं तर झडप उघडायची किंवा बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, जाऊन बसायचं.

त्या खिडकीपाशी उभं राहून माझ्या लक्षात आलं की तिथे एक काम एकालाच दिलेलं होतं. ऊन आणि पाऊस अडवायला कौलांची खोल वळचण. उजेडाला शिंपले. वाऱ्याला झडप. खाली चिऱ्याची जाड भिंत, जी दुपार उलटेपर्यंत तापत नाही. फोंडा महालातल्या हिंदू घरांनी हाच प्रश्न वेगळा सोडवला. माझ्या सासूबाईंचं माहेर तिथलं. बाहेरच्या भिंतींना खिडक्या लहान, गजांच्या, आणि घर सगळं आत वळलेलं, राजांगणाकडे. मध्ये तुळस, चारी बाजूंनी ओसरी, उजेड आणि वारा वरून आभाळातून. पश्चिम तिथे कुणालाच बाधायची नाही, कारण पश्चिमेला तोंड करून कोणी बसतच नव्हतं. आमच्या फ्लॅटमध्ये ऊन, पाऊस, उजेड, वारा, देखावा आणि चोर, सगळ्यांशी एकट्या पाच मिलिमीटर काचेने बोलायचं. तिला जमत नाही म्हणून मग आतून पडदा, बाहेरून ग्रिल, मध्ये जाळी आणि भिंतीवर एसी.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा पडदा नवा होता. दुपारी खोलीत डोकावून म्हणाल्या, “दिवसाढवळ्या घर मिटून कसलं गो बसता?”

त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा चढते आणि दर्यावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. आपल्या किनाऱ्यावर दर्या पश्चिमेला. म्हणजे ज्या वेळी ज्या खिडकीतून ऊन येतं, त्याच वेळी त्याच खिडकीतून वारा यायचा असतो. पर्वरीच्या पठारावर तर तो चांगला येतो. आणि हनीकोंब पडद्याला वारा चालत नाही. काच सरकवून पडदा खाली ठेवला की तो आधी आत फुगतो, मग मागे ओढला जाऊन जाळीवर आपटतो, खालची पट्टी ग्रॅनाइटवर टक् टक् वाजत राहते, आणि कोंडलेल्या हवेचा सगळा हिशेब तिथेच संपतो. पडदा हवा तर खिडकी बंद. खिडकी बंद तर एसी. एसीवाल्या खोलीसाठी हा पडदा चांगला आहे, असं दुकानदार सांगतो ते खरं. तो पडदा त्या खोलीला कायमची एसीवाली करतो, हे तो सांगत नाही.

म्हणून आमच्या घरी आता वेळापत्रक आहे. सकाळी खिडकी उघडी. तीनला काच बंद, पडदा खाली. त्यानंतर तास-दीड तास खोली तशीच सहन होते, मग एसी. तिन्हीसांजेला सासूबाई स्वतः उठून पडदा वर करतात आणि काच सरकवतात. दिवेलागणीला घराचं दार-खिडकी मिटलेलं त्यांना चालत नाही, मग आत एसी असो की आणखी काही. पहिले काही दिवस मी कुरकुर केली, वीज वाया जाते म्हणून. पण तोपर्यंत सूर्य दर्याला टेकलेला असतो आणि वारा अजून वाहत असतो, त्यामुळे एसी बंदच करावा लागतो. बिल उलट कमी येतं.

पाहुण्यांच्या खोलीलाही आम्ही तसाच पडदा लावला, पूर्वेला. तिथे तो बरेच दिवस खालीच राहिला, खिडकी अर्धी उघडी. एकदा झाडायला गेले तर पडद्याच्या कडेला, षट्कोनी भोकांच्या रांगेत, मध्येच काही भोकं मातीने लिंपलेली. गुळगुळीत, नखाएवढी, लाल चिऱ्याच्या रंगाची बुचं. कुंभारीण माशी! जाळीच्या ट्रॅकच्या फटीतून ती येत होती. मी उभी राहून पाहिलं: तोंडात ओल्या मातीची गोळी धरून आली, भोकाच्या कडेवर बसली, पुढच्या पायांनी गोळी फिरवत पसरत गेली, आणि पंखांचा बारीक झंकार करत परत गेली. आत तिने बेशुद्ध केलेल्या हिरव्या अळ्या भरलेल्या असतात, शेजारी अंडं. घर गार ठेवायला माणसाने केलेल्या नळ्या तिला आयत्या मिळाल्या. पडदा वर ढकलला असता तर सगळी वसाहत चिरडली असती, म्हणून तो महिनाभर तसाच ठेवला. नवऱ्याने भोकांच्या टोकांना मच्छरदाणीच्या जाळीची पट्टी लावायचं ठरवलं. ते अजून ठरलेलंच आहे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साठतं आणि कट्टा ओला होतो. पॉलिएस्टर पाण्याने कुजत नाही, पण त्याच्यावर बसलेली धूळ ओली झाली की बुरशीला तेवढं पुरतं. जून ते सप्टेंबर पडदा बहुतेक वरच असतो, आणि मिटलेल्या घड्यांत दमट हवा कोंडते. म्हणून एखाद्या उघडिपीच्या दिवशी तो खाली सोडून पंखा त्याच्याकडे फिरवायचा. पावसाळ्यातला एक फायदा मात्र अनपेक्षित निघाला. एसी लावून निजलं की सकाळी काचेला बाहेरून धुकं धरायचं, बाहेरची ओली हवा गार काचेवर घाम सोडायची. दमट रात्री पडदा खाली घेऊन निजलं तर काच खोलीच्या गारव्यापासून तुटते, बाहेरच्या हवेएवढी कोमट राहते, आणि धुकं फारसं धरत नाही.

चवथीआधीच्या साफसफाईत या पडद्याला पाणी लावायचं नाही, हे सगळ्यांना दरवर्षी सांगावं लागतं. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशाने आडवं झाडायचं, नळ्यांतला कचरा हेअर ड्रायरच्या गार वाऱ्याने एका टोकाकडून दुसरीकडे उडवायचा. मुंग्या, पालीच्या लेंड्या, एखादं वाळलेलं पाखरू, सगळं पलीकडच्या टोकाने बाहेर येतं. डाग पडलाच तर ओल्या फडक्याने टिपायचा, घासायचा नाही. घासलं की नळीची घडी मोडते आणि तेवढाच भाग कायमचा पोक काढून बसतो. आमच्याकडे असा एक पोक आहे, डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या नळीला. सासूबाईंचा हळदीचा हात.

दिवाणखान्याला हा पडदा लावायचा नाही यावर मात्र घरात एकमत आहे. तिथेही पश्चिमच, पण तिथे माणसं बसतात, येतात-जातात, दार उघडं असतं, वारा लागतो. तिथे ऊन काचेच्या बाहेरच थांबवायला हवं. बाल्कनीच्या कठड्याबाहेर बांबूच्या काड्यांची चिक टांगली की ती स्वतः तापते, पण तिची उष्णता वाऱ्याबरोबर बाहेरच जाते, आणि काड्यांच्या फटींतून वाराही आत येतो. ऐंशी टक्क्यांचा कागद तिच्याबरोबर येत नाही. दोन पावसाळ्यांत कुजते, दोरी आधी तुटते, पण पैसेही त्या मानाने लागतात. आम्ही ती टांगली, आणि पंधरवड्यात सोसायटीचं पत्र आलं की इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसायला हवा, चिक काढावी.

नवरा पाकिटाची झेरॉक्स घेऊन मीटिंगला गेला. पश्चिमेच्या सगळ्या फ्लॅटवाल्यांनी पंचाहत्तर आणि नऊशे समजून घेतले, आणि बाहेरून पडदे लावायला परवानगी मिळाली, अट एवढीच की सगळ्यांचे एका रंगाचे हवेत. आता तीन मीटिंगा रंगावर गेल्यात. आम्ही पांढरा म्हणतोय, तिसऱ्या मजल्याला मरून हवाय, आणि चौथ्या मजल्यावरच्या ज्या गृहस्थांच्या एकाही खिडकीला पश्चिम नाही, त्यांनी हिरव्याचा आग्रह धरलाय.